पोटाचं निमित्त

भाऊसाहेबांनी छत्रीच्या टोकानं माझा सदरा वर उचलला.

इस्पितळातून सुटून कामावर गेलो त्याचा तो पहिला दिवस. गिरगावात भाऊसाहेबांचं स्वतःचं घर होतं. खाली वकिलीची कचेरी, वर बिऱ्हाड. मी कचेरीतला शिपाई. दोन अशील खुर्च्यांवर बसले होते, नाना कारकून टेबलाशी होते, मी दारात उभा. भाऊसाहेब उठून जवळ आले. जवळ म्हणजे छत्रीभर अंतरावर. टोक सदऱ्याखाली घातलं आणि सावकाश छातीपर्यंत वर नेलं. बेंबीच्या वर टाक्यांची लाल रेघ होती, अजून नीट सुकलेली नव्हती. अशील पुढे वाकून बघायला लागले.

"अरेरे, पैलवान," भाऊसाहेब म्हणाले, "तुझी तर सगळी हवाच गेली की रे. आता आमची करमणूक कोण करणार?"

अशील हसले. नानाही हसले. भाऊसाहेब हसले की नानांना हसावंच लागे, ते त्यांच्या नोकरीत धरलेलं होतं. मी सदरा खाली ओढला नाही. छत्री निघेपर्यंत तसाच उभा राहिलो. मग भाऊसाहेबांनी ते टोक पायपुसण्यावर घासलं आणि अशिलांकडे वळून कामाचं बोलायला लागले.

करमणूक म्हणजे काय, ते सांगतो.

मी भोईवाड्यातल्या चाळीत वाढलो. बाप गिरणीत. घरात सगळे काटकुळे, मी एकटाच आडवा वाढलेला. रुंद खांदे, सुटलेलं पोट, मानेचा पत्ता नाही. चाळीत म्हणायचे, ह्याला नुसतं पाणी दिलं तरी अंगी लागतं. अंगी लागत असेल, पण भूक भागत नसे. घरी आठ तोंडं आणि एक भांडं. मी ताटावरनं उठायचो तो अर्धा भुकेला.

भाऊसाहेबांकडे श्रावणात सत्यनारायण असायचा. वरच्या पंगती उठल्या की मागच्या अंगणात, नळाच्या बाजूला, मला पत्रावळ मिळायची. पहिल्या वर्षी मी जिलेब्या इतक्या खाल्ल्या की वाढणारा थकला. त्यानं वर जाऊन सांगितलं. भाऊसाहेब गॅलरीत आले, मागून पाहुणे आले. "वाढ रे, वाढ त्याला," ते वरून ओरडले. मी मान वर करून हसलो. मला वाटलं, माझं कौतुक होतंय.

पुढच्या वर्षीपासून तो कार्यक्रमच झाला. पंगत उठली, विडे झाले, की भाऊसाहेब पाहुण्यांना म्हणायचे, चला, आमचा पैलवान बघायला. बायका एका गॅलरीत, पुरुष दुसऱ्या. पोरांना पुढं उभं करायचे, नीट दिसावं म्हणून. वाढणारा हात उंच धरायचा, आणि जिलेबी पत्रावळीवर टाकायचा. त्याचा हात खाली आला तर बाटला असता. माझं पोट किती घेतं ते बघायला सगळं घर जमायचं, आणि माझ्या पत्रावळीला हात लागू नये म्हणून तेच घर अंग चोरायचं. जेवण झालं की जागा मीच सारवायची.

एकदा मी म्हणालो, "साहेब, थोडं घरी नेऊ का? पोरं आहेत."

"घरी नाही रे," भाऊसाहेब म्हणाले. "इथं बसून हवं तेवढं खा. मजा त्यातच आहे."

मी बसलो आणि खाल्लं. घरी बायको पोरांना चहात पाव बुडवून देत होती, आणि मी लोकांच्या मजेसाठी पाकात बोटं बुडवत होतो.

ह्या भाऊसाहेबांना कमी समजू नका. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला तेव्हा त्यांनी दादरला त्यावर व्याख्यान दिलं. कलमं तोंडपाठ. पुस्तकांचं गाठोडं मीच वाहून नेलं. टाळ्या पडल्या. परत आल्यावर मी पाणी मागितलं, तर नळाशी ओंजळ धरायला लावून वरून ओतलं. त्यांना कायदा येत होता, ह्यात शंका नाही. तो त्यांनी पाठ केला होता, वापरायला काढला नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हाही तेच. मोर्चात आम्ही. लालबाग-परळची अर्धी वस्ती रस्त्यावर, आणि माझ्या रुंद खांद्यांमुळं झेंडा बहुतेक माझ्याच हातात. गोळीबार झाला त्या दिवशी भाऊसाहेबांच्या घराची सगळी दारं-खिडक्या आतून बंद होत्या. नंतर हवा थंड झाली तेव्हा ते सभेत बोलले, मराठी माणूस एक आहे, त्याचं रक्त एक आहे. रक्त एक असेलही. पाणी मात्र मला वरूनच मिळत होतं.

मधल्या काळात आमच्या चाळीनं बुद्धाची दीक्षा घेतली. देव खाली उतरवले, भिंत पांढरी केली. भाऊसाहेबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "धर्म कुठलाही घे बाबा, जिलेबी सोडू नकोस म्हणजे झालं." ह्यावरही कचेरी हसली. मी श्रावणात पुन्हा त्या नळापाशी बसलो. भूक होती, नोकरी होती, आणि अजून मला लाज वाटायला लागली नव्हती.

मग पोट बिघडलं. आधी जळजळ, मग कळा, मग एके सकाळी चाळीच्या मोरीत रक्ताची उलटी. परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. जठरात जखम होती, फुटायला आलेली. जठराचा बराचसा भाग कापून काढला आणि उरलेला तुकडा खालच्या आतड्याला जोडला. डॉक्टर तरुण होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. थोडं थोडं खा, पुन्हा पुन्हा खा. चावून चावून. जेवताना पाणी नको. गोड तर नकोच, गोड गेलं तर घाम सुटेल, छाती धडधडेल, चक्कर येईल.

मग त्यांनी विचारलं, "आधी एका बैठकीत इतकं का खायचास?"

मी म्हणालो, "साहेबांना आवडायचं."

माझं उत्तर मलाच ऐकू आलं. त्या खाटेवर, नाकात नळी, पोटात टाके, मला पहिल्यांदा लाज वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ भाऊसाहेबांची किळस आली. ती मात्र जखमेसारखी सुकली नाही.

घरी आल्यावर जेवणं नव्यानं शिकावं लागलं. मूठभर भाताची पेज, त्यात सुकटीचं थोडं पाणी. एक अंडं दोन वेळा करून. बायको वरळी कोळीवाड्यातून बोंबील आणायची, ते उकडून मऊ करून द्यायची. चार घास गेले की पोट गच्च. पाचवा घेतला की तो वर यायचा. शेजारच्या खोलीत कुणी मांदेली तळली की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ताट पुढं आलं की दोन तुकड्यांत दार बंद. भूक होती तिथंच होती, फक्त जागा गेली होती. कधी कधी भरलेल्या ताटाकडे बघून मला रडू यायचं. सांगायला लाज नाही, मेलेल्या माणसाची आठवण यावी तशी मला खाण्याची आठवण यायची.

अंग उतरत गेलं. आधी तोंड, मग खांदे, मग पोट. कातडी मात्र होती तेवढीच राहिली, रिकाम्या पिशवीसारखी लोंबत. बायकोनं माझा सदरा उसवून मला एक सदरा केला आणि उरलेल्यात पोरीचा फ्रॉक बेतला. लालबागच्या नाक्यावर ओळखीची माणसं समोरून जायची, ओळख द्यायची नाहीत. चाळीत कुणी म्हणालं क्षय, कुणी म्हणालं करणी. एका म्हातारीनं बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "कापलेलं परत वाढत नाय काय गो?" बायको म्हणाली, "वाढंल तवा वाढंल, तवर माझा तांदूळ वाचतोय." ती हसली. मीही हसलो, टाके दुखेपर्यंत.

ओझ्याचं काम आता जमणार नव्हतं. गिरणीत उभं राहण्याची ताकद नव्हती. कचेरीची शिपाईगिरी तेवढी झेपण्यासारखी, बसून उठून करण्यासारखी. म्हणून परत गेलो. आणि पहिल्याच दिवशी छत्री.

पुढचे दिवस तसेच गेले. मी लहान डबा नेत असे आणि दर थोड्या वेळानं दोन घास खात असे. नाना म्हणायचे, "काय रे, सारखा चरतोस? बाळंतीण झालास की काय?" भाऊसाहेबांनी फर्मान काढलं, कचेरीत खायचं नाही, अशिलांना वास येतो. मग मी खोताच्या वाडीच्या तोंडाशी जाऊन उन्हात उभा राहून अंडं खायचो. अंगणात त्यांच्या डोळ्यांसमोर मणभर खाल्लं तर कौतुक, आणि माझं स्वतःचं अर्धं अंडं खाल्लं तर वास. सहन केलं. कारण घरी चूल होती आणि ती पेटायला ही नोकरी लागत होती.

मे महिन्यात राज्य झालं. मुंबईसह महाराष्ट्र. आमच्या चाळीत रात्रभर ढोल वाजला, मीही नाचलो, दोन पावलं, मग खाली बसलो. आनंद खरा होता. तो आम्ही रस्त्यावर उभं राहून मिळवला होता.

भाऊसाहेबांनी घरी मोठी पंगत ठेवली. वर्तमानपत्रवाले, डॉक्टर, प्रोफेसर, चळवळीतले दोन पुढारी. आमरस-पुरी. मला म्हणाले, "पैलवान, या वेळी अंगणात नाही. वर ये. सगळ्यांच्या पंगतीत बस. आता आपलं राज्य आहे."

मी पायऱ्या चढून वर गेलो. तोवर कागद घेऊन दारापर्यंतच गेलो होतो. आत भलामोठा दिवाणखाना, रांगोळ्या, उदबत्त्या, केळीची पानं. माझा पाट दाराशी शेवटचा. इतरांचे पाट एकमेकांना लागून. माझ्या आणि नानांच्या पाटांमध्ये एका पानाची जागा मोकळी सोडलेली. इतरांच्या पानांवर रसासाठी चांदीची वाटी, माझ्या पानावर द्रोण. द्रोण फेकून देता येतो, म्हणून.

भाऊसाहेब उभे राहून बोलले. "आज ह्या पंगतीत भेद नाही. ब्राह्मण नाही, मराठा नाही, आणि आमचे हे नवबौद्ध बंधूही इथं आहेत." त्यांनी माझ्याकडे हात केला. सगळ्यांनी वळून पाहिलं. वर्तमानपत्रवाल्यानं मान डोलावली. मग भाऊसाहेब हसत म्हणाले, "आणि हा आमचा पैलवान जेवायला बसला की काय करतो, ते आता बघाच तुम्ही."

म्हणजे पाट आत आणला होता, अंगण तेच होतं.

रसाचं पातेलं भाऊसाहेब स्वतः घेऊन फिरले. माझ्यापाशी आले, पळी उंच धरली आणि ओतला. थोडा द्रोणात, थोडा सदऱ्यावर. मी पुरीचा तुकडा मोडला, सावकाश चावला. दोन बोटं रस घेतला. हापूसचा रस, चव अजून आठवते. तेवढ्यानंच कानशिलं गरम झाली आणि पाठीला घाम फुटला. मी हात आखडता घेतला. समोरच्या रांगेतली माणसं खायचं थांबून माझ्याकडे बघत होती.

"काय रे, लाजतोस काय?" भाऊसाहेब म्हणाले.

दारातून त्यांच्या बाईसाहेब म्हणाल्या, "बाहेर वाढलं असतं तर टोप संपवला असता. आत बसवलं की असे नखरे."

एक प्रोफेसर होते, चष्मेवाले. ते शेजाऱ्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं: "हल्ली ह्यांचं सांगता येत नाही. धर्म बदललाय ना. आपल्याकडचं खाणं त्यांना कमीपणाचं वाटतं."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. वर्तमानपत्रवाले बसले होते आणि त्यांच्या पंगतीतला शोभेचा माणूस जेवत नव्हता. ते वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय रे? तसलं काही नाही ना?"

मी म्हणालो, "साहेब, पोट कापलंय. गोड सोसत नाही."

आणि सगळ्यांनी श्वास सोडला. मी तो सुटताना बघितला. "असं होय! पोटाचं आहे!" "अरेरे, बिचारा." प्रोफेसर पुन्हा पुरीकडे वळले. एका बाईनं च्यक च्यक केलं. भाऊसाहेब तर उजळून निघाले. मोठ्यानं म्हणाले, "पोटाचं आहे हो, पोटाचं! आमचा पैलवान तसल्यातला नाही. पोट धड असतं ना, तर हा सगळा टोप एकट्यानं फस्त केला असता. हो की नाही रे?"

ते माझ्या 'हो'ची वाट बघत होते. सगळे बघत होते.

माझी छाती धडधडत होती, डोळ्यांपुढं काजवे येत होते. हो म्हणायला एक अक्षर पुरत होतं. ते म्हटलं असतं तर नोकरी होती, पोरांचं दूध होतं, माझं अंडं होतं. पण मी त्या तोंडांकडे बघितलं. रसानं माखलेली, खूश झालेली, माझ्या आजारानं खूश झालेली तोंडं. मी आजारी आहे एवढ्यानं त्यांचं भागत होतं. आजारी माणूस त्यांना चालत होता, नको म्हणणारा चालत नव्हता. इतकी भिकार माणसं मी तोवर माझ्या चाळीत बघितली नव्हती, आणि आमच्या चाळीत खायला नव्हतं.

मी भिंतीला हात लावून उठलो.

"नाही साहेब," मी म्हणालो. "पोट धड असतं तरी खाल्लं नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पोटामुळे नाही. तुमचं आहे म्हणून नको."

दारातून बाईसाहेब म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" नानांनी मान पानात घातली. भाऊसाहेब लाल झाले. त्यांनी पळी दाराकडे केली आणि ओरडले, "गेट आऊट!"

मराठी राज्याच्या आनंदाची पंगत. त्या सबंध पंगतीत भाऊसाहेब मनापासून बोलले ते एवढंच, आणि तेही इंग्रजीत.

खाली उतरलो आणि खोताच्या वाडीत कुणाच्या तरी पायरीवर बसलो. घामानं सदरा भिजला. बऱ्याच वेळानं छाती जागेवर आली. भीतीही तेव्हाच वाटली. भोईवाड्यापर्यंत कसाबसा चालत गेलो. बायकोनं तोंड बघितलं आणि विचारलं, "नोकरी गेली?" मी म्हणालो, "गेली." ती म्हणाली, "कशापायी?" मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "इतक्या वर्सांनी सुचलं तुमाला." मग पेज वाढली.

काही दिवसांनी नाना कारकून आमच्या चाळीत आले. खोलीत आले नाहीत. गॅलरीत उभे राहिले, धोतराचा सोगा हातात धरून. शेजारी दारांत जमले.

"हे बघ," नाना म्हणाले, "भाऊसाहेब मनानं मोठे आहेत. त्या दिवसाची वाच्यता बाहेर फार झाली, लोक विचारतात. तू फक्त येऊन चार माणसांत म्हणायचं, पोटात कळ आली, भान राहिलं नाही, तोंडातून भलतंच गेलं. एवढंच. नोकरी परत."

खरं सांगतो, मनात हिशेब सुरू झाला होता. घरात दोन पोरं, अंगात बळ नाही, आणि अर्ध्या पोटाच्या माणसाला दुसरं काम देणार कोण? एकच वाक्य म्हणायचं होतं. पोट तर खरंच कापलेलं होतं. अर्धं वाक्य खरंच होतं की.

बायको तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आली. स्वच्छ घासलेला कप, बशी. तिनं तो नानांपुढं धरला.

नाना एक पाऊल मागं सरकले. कचेरीत दिवसभर चहा पिणारे नाना. पहिला संपायच्या आत दुसरा सांगणारे नाना. किटली मीच आणायचो ना, हॉटेलातून. त्यांनी पोटावर हात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "नको हो बाई. पोट बरं नाही माझं."

बायकोचा हात तसाच पुढं राहिला. मी नानांच्या पोटाकडे बघितलं. चांगलं गरगरीत, धडधाकट, गिरगावच्या तुपावर पोसलेलं पोट. ते बरं नव्हतं. आणि माझं, कापून शिवलेलं, मी पुढं करून म्हणायचं होतं की ह्याचा दोष. दोघांनी मिळून पोटाला धरून खोटं बोलायचं आणि भाऊसाहेबांची अब्रू झाकायची. मनातला हिशेब तिथंच मोडला.

मी बायकोच्या हातातला कप घेतला, चहा गोड होता तरी. नानांच्या समोर उभा राहून प्यायलो. एक घोट, थांबून दुसरा, थांबून तिसरा, डॉक्टरांनी सांगितलं तसा. नानांना थांबावं लागलं, कारण जिन्याची वाट माझ्या पाठीमागं होती.

कप खाली ठेवून म्हणालो, "नाना, भाऊसाहेबांना सांगा, माझं पोट ठणठणीत आहे. कळ आली नव्हती. जे बोललो ते शुद्धीत बोललो, आणि विचारायला येतील तितक्यांना तेच सांगणार आहे."

नाना गेले. नोकरी गेली ती गेलीच. पुढचं वर्ष वाईट गेलं, ते इथं उगाळत नाही. अजूनही मी चार घासांचाच माणूस आहे, पाचवा अजूनही वर येतो. पण ज्याच्या घरचं मला नको असतं, त्याला मी तोंडावर नको म्हणतो. आजाराचं नाव घेत नाही, उपासाचं घेत नाही, आत्ताच जेवून आलो म्हणत नाही. त्याला वाईट वाटावं म्हणूनच म्हणतो. मरेपर्यंत म्हणणार.